डबा घरपोच, थेरपी परगावी

बाळाला डाउन सिंड्रोम आहे असं कळल्यावर पहिले काही आठवडे रडण्यात आणि धावपळीत जातात. मग घरात एक वाक्य सुरू होतं : ‘याला काहीतरी चालू करायला हवं.’ आजी म्हणते, मावशी म्हणते, कामावरचा सोबती म्हणतो. कुणी मोबाइलवर एका पावडरीचा फोटो पाठवतं, कुणी परदेशातल्या नातेवाइकाकडून कॅप्सूल मागवायला सांगतं, कुणी पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशनाला न्यायला सुचवतं. रायगड जिल्ह्यातल्या रोह्यासारख्या तालुक्याच्या गावात यातलं काहीही मिळवणं आज अवघड राहिलेलं नाही. ऑर्डर दिली की थोड्या दिवसांत डबा दारात येतो. त्याच बाळाला बसायला, चावायला, बोलायला शिकवणारं प्रशिक्षित माणूस मात्र दारात येत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडून ठेवणं बरं. डाउन सिंड्रोमसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या जीवनसत्त्व-खनिजांच्या मिश्रणांनी मुलाचं आकलन सुधारतं, याला आधार नाही. तो आधार शोधायचा प्रयत्न अनेकांनी प्रामाणिकपणे केला आणि तो सापडला नाही. तपासणीत दिसलेली कमतरता मात्र भरून काढलीच पाहिजे. तिथे टाळाटाळ करणं हाही मुलावर अन्यायच. आणि इतकं सगळं सांगूनही जे आईबाप डबा आणतात त्यांना अडाणी म्हणायचा अधिकार कुणालाही नाही, कारण त्यांच्या घरापर्यंत तेवढी एकच गोष्ट पोहोचलेली असते.

या डब्यांमागचा तर्क खुळचट नाही, हे आधी मान्य करू या. या मुलांच्या बहुतेक सगळ्या पेशींत २१ क्रमांकाचं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतं. १८६६ मध्ये जॉन लँग्डन डाउन या इंग्रज डॉक्टरने या मुलांच्या लक्षणांचं वर्णन केलं. कारण कळायला १९५९ साल उजाडलं. पॅरिसमध्ये जेरोम लेझन, मार्थ गोतिए आणि रेमाँ त्युर्पँ यांनी ते जादा गुणसूत्र दाखवून दिलं. या गुणसूत्रावर ‘एसओडी-१’ नावाचं एक जनुक आहे. पेशीतल्या घातक ऑक्सिजन-कणांचा बंदोबस्त करणारं विकर ते तयार करतं. जनुकाच्या प्रती तीन, म्हणून विकर जास्त, म्हणून पेशीतला रासायनिक तोल ढळतो आणि चेतापेशींना इजा होते, असा अंदाज मांडला गेला. मग ओघानेच आलं : अँटिऑक्सिडंट द्या, म्हणजे अ, क, ई ही जीवनसत्त्वं, सेलेनियम, झिंक. त्याच गुणसूत्रावरचं ‘सीबीएस’ हे जनुक फोलेटच्या चक्रावर परिणाम करतं, तर मग फोलिनिक आम्लही द्या. कागदावर ही साखळी कुठेही तुटलेली दिसत नाही. पण एका टोकाला घातलेलं जीवनसत्त्व दुसऱ्या टोकाला मुलाच्या बोलण्यात उतरेल की नाही, हे कागदावर ठरत नाही. ते मुलांवरच तपासून पाहावं लागतं.

आणि ते तपासलं गेलं. डेट्रॉइटचे डॉक्टर हेन्री टर्केल यांनी १९४० च्या दशकापासून जीवनसत्त्वं, खनिजं आणि हार्मोन यांचं मिश्रण वापरलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली नाही. १९८१ मध्ये रूथ हॅरेल यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या १६ मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. या मुलांपैकी काहींना डाउन सिंड्रोम होता. मोठ्या मात्रेत जीवनसत्त्वं दिलेल्या पाच मुलांचा सरासरी बुद्ध्यांक चार महिन्यांत ५ ते ९.६ गुणांनी वाढल्याचं त्यांनी नोंदवलं. आईबापांच्या आशा पालवल्या नसत्या तरच नवल. पुढच्या काही वर्षांत वेगवेगळ्या संशोधकांनी तोच प्रयोग अधिक काटेकोरपणे करून पाहिला. फरक पडला नाही.

सर्वांत चोख परीक्षा झाली ती ब्रिटनमध्ये. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००८ साली तिचे निष्कर्ष आले. डाउन सिंड्रोम असलेली, सात महिन्यांच्या आतली १५६ बाळं चार गटांत विभागली गेली. एका गटाला अँटिऑक्सिडंट, दुसऱ्याला फोलिनिक आम्ल, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला तशीच दिसणारी पण औषधी घटक नसलेली पावडर. कुणाच्या वाट्याला काय आलंय हे आईबापांना ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही नव्हतं. मुलं दीड वर्षाची झाल्यावर मोजमाप झालं. विकासात गटागटांत फरक नाही, बोलण्यात नाही, आणि ज्या रासायनिक तोलासाठी हा सगळा खटाटोप होता त्या तोलाच्या चाचण्यांतही नाही. म्हणजे साखळीची पहिली कडीच जुळली नाही.

फोलिनिक आम्लाची गोष्ट जास्त बोलकी आहे. २०१० मध्ये फ्रान्समधल्या एका अभ्यासात त्याचा थोडा फायदा दिसला, विशेषतः थायरॉइडचं औषध चालू असलेल्या मुलांत. पॅरिसच्या ज्या संस्थेला जेरोम लेझन यांचंच नाव आहे, तिने तिथे न थांबता सहा ते अठरा महिने वयाच्या १७५ बाळांवर मोठा प्रयोग केला. फोलिनिक आम्ल, थायरॉइडचं हार्मोन आणि दोन्ही मिळून, असं वर्षभर देऊन पाहिलं. २०२० मध्ये त्यांनी जाहीर केलं की फायदा दिसत नाही. या मुलांसाठीच स्थापन झालेल्या संस्थेने स्वतःच्या आशेची परीक्षा घेतली आणि उत्तर नकारार्थी आल्यावर ते झाकून ठेवलं नाही. आईबापांशी याहून प्रामाणिक वागणं कोणतं?

आपल्याकडे ‘मेंदूचं टॉनिक’ म्हणून सहज लिहून दिलं जाणारं पिरासिटाम याच रांगेतलं. टोरांटोत डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांवर त्याची चाचणी झाली. २००१ मध्ये आलेल्या निष्कर्षांत आकलनात सुधारणा दिसली नाही, उलट काही मुलं चिडचिडी आणि आक्रमक झाली. ग्रीन टीमधल्या ‘ईजीसीजी’ या घटकाचं नाव अलीकडे कानावर येतं. बार्सिलोनात १६ ते ३४ वयाच्या तरुणांवर झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बौद्धिक प्रशिक्षणाच्या जोडीने तो दिल्यावर मोजक्या चाचण्यांत थोडा लाभ दिसला. एवढ्यावर लहान मुलांना तो अर्क देता येत नाही. या अर्काच्या मोठ्या मात्रेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

इथे आई म्हणते, ‘प्रयोगाचं राहू द्या, माझ्या मुलीत मला फरक दिसला.’ हे बोलणं उडवून लावण्यासारखं नाही. मुलीला तिच्याइतकं बारकाईने कुणीच पाहिलेलं नसतं. पण डाउन सिंड्रोम असलेलं मूल वाढत असतंच. त्याची गती कमी असते आणि अधूनमधून त्यात झेपाही येतात. डबा आणला त्याच महिन्यात आईने मुलीशी जास्त बोलायला सुरुवात केलेली असते, फिजिओथेरपी चालू झालेली असते, सर्दी-खोकल्याचं सत्र संपून मुलगी नीट झोपू लागलेली असते. मग ती ‘आई’ म्हणाली, तर श्रेय डब्याला जातं. ब्रिटनच्या त्या प्रयोगात घटक नसलेली पावडर घेणारी बाळंही दीड वर्षाची होईपर्यंत पुष्कळ काही शिकली होती. चौथा गट ठेवला नसता, तर त्या पावडरीचाही जयजयकार झाला असता. खरी वाईट गोष्ट ही, की यात आईच्या कष्टांचं श्रेय कंपनी घेऊन जाते.

ज्या गोष्टीने या मुलांचं आयुष्य खरोखर बदललं ती वेगळीच आहे. अमेरिकेत १९८३ च्या सुमाराला डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य २५ वर्षांच्या आसपास होतं. आज ते ६० च्या घरात आहे. हा बदल झाला हृदयाच्या शस्त्रक्रियांनी, संसर्गावरच्या वेळेवर उपचारांनी आणि मुलांना संस्थांत कोंडण्याऐवजी घरात वाढवल्याने. या मुलांपैकी जवळपास निम्म्यांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. बाळ वरून गुटगुटीत दिसतं, दूध पिताना दमतं, आणि घरचे म्हणतात अशक्त आहे, टॉनिक द्या. त्याला गरज असते टू-डी इकोची, आणि तीही पहिल्या काही आठवड्यांत. दोष वेळेत सापडला तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून किंवा महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया मोफत होऊ शकते. उशीर झाला तर फुप्फुसांवर कायमचा ताण बसतो आणि मग शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते.

याचा अर्थ पोषणाकडे दुर्लक्ष करा असा कुणी घेऊ नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. अशा देशात ‘घरचं खातोय ना, मग सगळं मिळतंय’ असं म्हणून मोकळं होणं बेफिकिरीचं आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत इथे आणखी एक खाचखळगा असतो. त्यांच्या तांबड्या पेशींचा आकार मुळातच थोडा मोठा असतो. लोह कमी झालं की पेशी लहान होतात, पण यांच्या बाबतीत त्या लहान होऊन नेहमीच्या मापात येतात, आणि सीबीसीचा कागद पाहून सगळं ठीक असल्याचा समज होतो. म्हणून लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही पाहायला हवं. ते कमी निघालं तर लोहाचं औषध डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, ठरलेल्या मुदतीत द्यायचं. ड जीवनसत्त्वाचे थेंब तर पहिल्या वर्षात सगळ्याच बाळांना सांगितले जातात. सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनचा त्रास या मुलांत इतरांपेक्षा जास्त आढळतो. रोह्यात भात आणि तांदळाची भाकरी खाणाऱ्या घरातही चहात बुडवलेलं बिस्किट गव्हाचंच असतं. पोट सतत फुगलेलं, जुलाब, वजन अडलेलं अशी लक्षणं दिसली तर त्याची चाचणी करून घ्यायची.

सगळ्यांत जास्त लक्ष द्यायचं ते थायरॉइडकडे. या मुलांत थायरॉइड मंदावण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं आणि ती मंदावली की मूल सुस्त होतं, वाढ अडते, बद्धकोष्ठ होतो. ही लक्षणं डाउन सिंड्रोमचीच समजून सोडून दिली जातात. म्हणून जन्मानंतर, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि मग दरवर्षी टीएसएच (थायरॉइड मंदावली की रक्तात वाढणारं हार्मोन) तपासायला सांगतात. चाचणी साधी, औषध स्वस्त, आणि वेळेत दिलं नाही तर बुद्धीचं होणारं नुकसान खरं. ‘बुद्धी वाढवणारं’ म्हणून जर काही असेल, तर ज्या मुलाची थायरॉइड खरंच मंद आहे त्याच्यासाठी ती छोटी गोळी आहे.

आता सकाळचं एक स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. आई चमचाभर पाण्यात थायरॉइडची गोळी चुरडते आणि उपाशीपोटी मुलाच्या जिभेवर ठेवते. पाठोपाठ कपभर दुधात ‘वाढीची’ पावडर ढवळते. डब्यावर कॅल्शिअम आणि लोह ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे. मुलगा पावडरीच्या गोडीमुळे गोळीचीही कुरकुर करत नाही, म्हणून आई समाधानी. पण कॅल्शिअम आणि लोह दोन्ही त्या गोळीला आतड्यात धरून ठेवतात, ती रक्तात पुरेशी उतरत नाही. दोहोंत साधारण चार तासांचं अंतर हवं, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. तीन महिन्यांनी टीएसएच वाढलेलं निघतं, गोळीची मात्रा वाढते, पावडर चालूच राहते. दुसरी गोची याहून छुपी. केस-त्वचेसाठी म्हणून अनेक मिश्रणांत बायोटिन भरपूर घातलेलं असतं. मोठ्या मात्रेतलं बायोटिन काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत थायरॉइडची चाचणीच फसवतं. टीएसएच खोटं कमी दिसू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये बायोटिनमुळे रक्तचाचण्या चुकू शकतात असा जाहीर इशारा दिला होता. म्हणजे डबा औषधाच्या आड येतो आणि तपासणीच्याही. ‘फायदा नसेल, पण नुकसान तरी काय?’ या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

नुकसानीचे आणखी प्रकार आहेत. आपल्याकडे अंगणवाडीतून नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत अ जीवनसत्त्वाचे नऊ डोस मिळतात. पहिला एक लाख युनिटचा, पुढचे दर सहा महिन्यांनी दोन लाखांचे. आशाताई लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडचं सिरप देते. परदेशी मिश्रणं बनवणाऱ्याला हे ठाऊक नसतं. अ जीवनसत्त्व शरीरात साठतं, लघवीवाटे निघून जात नाही. त्यावर रोजची जादा मात्रा चढत गेली तर यकृतावर आणि हाडांवर परिणाम होतो. सेलेनियमच्या बाबतीत गरज आणि विष यांतलं अंतरच थोडं असतं. पारंपरिक औषधांनाही हाच न्याय लागू. २००४ मध्ये बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली. १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. यावरून आयुर्वेदाला नावं ठेवायचं कारण नाही. पण वाढत्या मेंदूच्या मुलाला कुणाकडचंही भस्म, कोणत्याही बाटलीतून, प्रयोगशाळेचा कागद न पाहता द्यायचं नाही, एवढं त्यातून नक्की ठरतं.

हे रोह्याच्या माणसाला वेगळं समजावायला नको. धाटावच्या एमआयडीसीत ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना बॅच म्हणजे काय ते माहीत आहे. लॅबचा रिपोर्ट आल्याशिवाय ड्रम गेटबाहेर जात नाही. कुणी मॅनेजर ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ म्हणाला तरी जात नाही. तोच माणूस संध्याकाळी घरी येऊन मुलाच्या दुधात घालायच्या पावडरीचा डबा हातात घेतो, तेव्हा त्याने तेवढंच कडक असावं. डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचावीत. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिल्या दोन-तीन नावांत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर आपण प्रामुख्याने काय विकत घेतलं ते कळतं. या मुलांची ऊर्जेची गरज थोडी कमी असते आणि चार-पाच वर्षांनंतर वजन झपाट्याने वाढू शकतं. त्यांना रोजची साखर परवडत नाही. शिवाय आरोग्यपूरक पदार्थांच्या २०१६ च्या नियमांनुसार लेबलवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं इंग्रजीत लिहिणं बंधनकारक झालं. कायद्याच्या नजरेत तो डबा अन्न आहे. तो विकण्याआधी ‘याने मुलाचं बोलणं सुधारतं’ हे सिद्ध करावं लागत नाही. पुढच्या बाजूला मेंदूचं चित्र, मागच्या बाजूला औषधी वापर नाही. दोन्ही बाजू एकाच कंपनीने छापलेल्या असतात.

मग खायला काय द्यायचं? रायगडाच्या स्वयंपाकघरात त्याचं उत्तर आहे, पण ते द्यायची रीत शिकावी लागते. या मुलांचे स्नायू सैल असतात, जीभ बाहेर येते, दात उशिरा येतात. म्हणून घरचे वर्षानुवर्षं पेजेवर आणि दूधभातावर ठेवतात, आणि मग मूल घट्ट खाणंच नाकारतं. नाचणीचं सत्त्व, मऊ वरणभात, मग कुस्करलेली वालाची उसळ, मग काटे काढलेला मासा, मग भाकरीचा पापुद्रा, असं टप्प्याटप्प्याने तोंडाला काम द्यायचं. चावणं आणि बोलणं यांना लागणारे ओठ, जीभ, गाल तेच असतात. मुलाला नीट बसवून, पाय टेकवून भरवायचं, घाई करायची नाही. नाचणीत कॅल्शिअम आहे, सुक्या जवळ्यात प्रथिनं आणि कॅल्शिअम आहे, कडधान्यांत लोह आहे, आणि सोबत लिंबू पिळलं तर ते लोह जास्त शोषलं जातं. हे सगळं त्या डब्याइतकंच खरं पोषण आहे; फक्त त्याची जाहिरात कुणी करत नाही.

इथपर्यंत आईबापांनी काय करावं ते झालं. पण मूळ दुखणं आईबापांच्या निवडीत नाही. रोह्यातल्या एखाद्या घराने सगळं पटवून घेतलं, डबा बंद केला, तर पुढे काय? तालुक्याला उपजिल्हा रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय अलिबागला. गुणसूत्रांची तपासणी, बाल-हृदयरोगतज्ज्ञ, नीट श्रवणतपासणी यांसाठी बहुतेकांची पावलं मुंबईकडेच वळतात : परळच्या केईएमला, वाडियाला. पहाटेची दिव्याची मेमू, तिथून लोकल, कडेवर मूल, संध्याकाळी परत. एकदोनदा हे जमतं. स्पीच थेरपी आठवड्याला दोनदा, वर्षानुवर्षं लागते. रोजंदारीवरच्या बापाने आठवड्याला दोन खाडे कसे करायचे? पेणला सुहित जीवन ट्रस्टसारखी संस्था विशेष मुलांसाठी काम करते, तिचं मोल मोठं आहे. पण एका संस्थेच्या भरवशावर जिल्हा सोडून देता येत नाही.

गंमत नव्हे, खंत वाटावी अशी गोष्ट ही की ज्या कार्यक्रमाने हे सगळं करायचं, तो सुरू झाला आपल्याच कोकणपट्टीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाला. त्याच्या ३० आजारांच्या यादीत डाउन सिंड्रोम नावानिशी आहे. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा जायचं, मूल ओळखायचं, आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं, अशी रचना आहे. केंद्रात बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा आणि श्रवण तज्ज्ञ, मानसतज्ज्ञ असावेत अशी तरतूद आहे. योजना उत्तम आहे. पण मूल ओळखून जिल्ह्याच्या गावी पाठवणं म्हणजे निम्मंच काम. शीघ्र हस्तक्षेप आठवड्याच्या आठवड्याला, मुलाच्या गावात झाला तरच त्याला शीघ्र म्हणता येईल. कुरिअर कंपनीला जे अंतर कापता येतं ते आरोग्य यंत्रणेला का कापता येऊ नये?

थेरपी म्हणजे जादू, असंही मी म्हणणार नाही. तिलाही तीच कसोटी हवी : काय शिकवायचं ठरवलं होतं, तीन महिन्यांत किती जमलं. थेरपीने गुणसूत्र बदलत नाही. पण तिच्यात आईबापांना करता येण्यासारखं काही असतं आणि ते मुलाच्या अंगी राहतं. पुण्याच्या गौरी गाडगीळ हिच्या आयुष्यावर २०१४ मध्ये ‘यलो’ हा मराठी चित्रपट आला आणि त्यात तिने स्वतःच स्वतःची भूमिका केली. डाउन सिंड्रोम असलेली ही मुलगी स्पर्धांत पोहली ती तलावात उतरून, वर्षानुवर्षं सराव करून. प्रत्येक मूल पदक आणणार नाही, आणणं गरजेचंही नाही. पण शिकवलं तर मूल शिकतं, हा भरवसा घरात रुजायला हवा. डबा नेमका तोच भरवसा खातो. तो सांगतो, तुमच्या मुलात काहीतरी कमी आहे आणि ते आमच्याकडे विकत मिळतं.

पैशाचा हिशेबही उघडपणे करावा. समजा महिन्याला तीन हजार रुपये डब्यांवर जातात. वर्षाचे झाले छत्तीस हजार. तेवढ्यात वर्षाच्या सगळ्या रक्तचाचण्या, श्रवण आणि डोळ्यांची तपासणी, लागलाच तर चष्मा, आणि थेरपीच्या बऱ्याच फेऱ्या बसतात. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना बौद्धिक अक्षमता असलेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते आणि तिच्यात थेरपीचाही समावेश आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढून तिचा अर्ज भरणं हे डबा मागवण्यापेक्षा किचकट आहे, खरं. पण त्या किचकटपणात मदत करणं हे गावातल्या शिक्षकाचं, ग्रामसेवकाचं, शिकलेल्या पुतण्याचं काम आहे. ‘ही पावडर चांगली आहे’ असा फोटो पाठवणाऱ्या प्रत्येकाने एकदा हा अर्ज भरून द्यावा.

आणि इतकं वाचूनही एखाद्या आईला काही देऊन पाहायचंच असेल तर? द्यावं, तिचा अधिकार आहे. पण डोळसपणे द्यावं. एका वेळी एकच गोष्ट सुरू करावी. डॉक्टरांना डबा नेऊन दाखवावा, लपवू नये. काय सुधारावं अशी अपेक्षा आहे ते आधी वहीत लिहावं, तीन महिन्यांनी पाहावं, मग थांबवून पुन्हा पाहावं. हृदय, थायरॉइड, कान, डोळे, रक्त यांची तपासणी व्हायच्या आधी मात्र एकही डबा नको. आणि डॉक्टरांनी हे ऐकून खेकसू नये. खेकसलं की पुढच्या वेळी आई डबा घरीच ठेवून येते, आणि मग गोळी का लागू पडत नाही हे कुणालाच कळत नाही. दोन मिनिटं देऊन ‘कशासाठी देताय?’ एवढं विचारलं तर निम्मं काम होतं. जे डॉक्टर स्वतःच टॉनिकांची यादी लिहून देतात, त्यांनी प्रत्येक नावापुढे कारण लिहावं.

रोहा आणि पेणच्या लोकांनी मागणी करायची तर ती अगदी छोटी आणि नेमकी करावी. दोन्ही उपजिल्हा रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस वाचातज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट बसावेत. टीएसएच आणि फेरिटिन तिथेच व्हावं आणि वर्षाची तारीख मुलाच्या कार्डावर आधीच पडावी. प्रत्येक अंगणवाडी सेविकेला अशा बाळाला कसं बसवायचं, कसं भरवायचं हे हाताने करून दाखवलं जावं. यासाठी नवा कायदा नको, नवी योजना नको. २०१३ च्या योजनेतली माणसं तालुक्यापर्यंत आणायची आहेत. ग्रामसभेत, पंचायत समितीत, आमदारांच्या दारात हा ठराव त्या आईबापांच्या बरोबरीने शेजाऱ्यांनीही मांडला पाहिजे. ते होईपर्यंत एखाद्या घरात डबा दिसला तर त्या आईला बोल लावण्याआधी आपण तो ठराव मांडला होता का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं.